कै. मिलिंद सोनवणे, सध्या

३ नोव्हेंबर, सोमवार

ग्रुपवर निखिलचं फर्मान. स्नेहमेळावा १४ डिसेंबरला, रविवारी, कॉलेजच्याच हॉलमध्ये. सोबत स्मरणिका. प्रत्येकाने 'सध्या' या सदरासाठी स्वतःबद्दल चार ओळी पाठवायच्या, आणि त्या गोळा करून सुधारायचं काम वैशालीकडे, कारण 'वैशालीचं मराठी छान आहे'. मला विचारलं नाही. खाली धडाधड अंगठे.

डिप्लोमाला मेकॅनिकलच्या अख्ख्या वर्गात आम्ही दोघी मुली. तेव्हा जर्नलं आमची उतरवून घ्यायचे, आता स्मरणिका लिहून घेतात. एवढ्या वर्षांत प्रगती म्हणायची ती हीच.

मी लिहिलं, रविवारी माझी कंपनी चालू असते, आमची सुट्टी गुरुवारी. चाकणच्या पट्ट्यात हे शेंबडं पोरही जाणतं. निखिल हिंजवडीत, आयटीत बसतो. "संडेला पण काम? सो सॅड." सॅड कसलं मेल्या, तुझ्या गाडीच्या दाराच्या बिजागऱ्या कोण तपासतं मग? लिहिलं नाही. अंगठा दिला. मीही तसलीच.

८ नोव्हेंबर, शनिवार

'सध्या' यायला लागलेत. कंपनीच्या बसमध्ये वाचते, म्हणजे मळमळ नक्की कशाची ते कळत नाही.

एकजण 'नम्रपणे कळवतो' असं म्हणून पुढे दीड पान नम्रता सोडून सगळं कळवतो. एकाची म्हणे सेकंड इनिंग सुरू आहे. पहिलीत काय केलं ते कुठेच नाही. पप्पू शिर्केनं स्वतःला 'युवा उद्योजक' लिहिलंय. युवा! चाळिशी उलटून गेली, पोट आधी पोचतं आणि पप्पू मागून. धंदा मोशीत प्लॉट विकायचा. निखिलनं तर तयार इंग्रजी पाठवलंय आणि खाली सूचना, 'ट्रान्सलेट कर, पण फील तोच ठेव'. फील कुठे होता तो सापडला की ठेवीन.

आमच्यातल्या दुसऱ्या मुलीनं, मंजूनं, फक्त लिहिलं: 'काही विशेष नाही, गृहिणी.' मिनिटात पुसलं आणि परत लिहिलं: 'होममेकर व एंटरप्रेन्युअर.' फोन केला तर म्हणाली, दिवाळीत चकल्या विकल्या होत्या गं. हसलो दोघी. नंतर वाईट वाटलं. चांगली 'गृहिणी' लिहून बसली होती, या लोकांच्या नादी लागून पुसलं तिनं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

मिलिंद गेला.

निखिल आणि पप्पू प्लॉट बघायला मोशीला निघालेले. स्पाइन रोडला अडकले, आणि रस्त्याकडेच्या फ्लेक्सवर मिलिंदचा फोटो. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. निखिलनं गाडीतूनच फोटो काढून टाकला. मध्ये बस आलीय, खाली रिक्षा, तरी ती अक्षरं आणि चेहरा स्वच्छ दिसतो. केस गेलेत. हसू तेच, अर्धवट.

मिलिंद सोनवणे. मी साळुंखे. हजेरीत मागेपुढे, म्हणून तिन्ही वर्षं वर्कशॉपला एका बाकावर. माझ्या हातून जॉब वेडावाकडा घासला गेला की न बोलता स्वतःचा पुढे सरकवायचा. त्याची कंपनी बंद पडली त्यानंतर कधीतरी ग्रुप सोडून गेला. नंबरही बदलला. नवा कुणाकडेच नाही. माझ्याकडेही नाही.

बसमध्ये रडले, चक्क. शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली दिली.

ग्रुपवर हात जोडलेल्यांची रांग. 'खूप लवकर गेलास भावा.' 'हसरा चेहरा हरपला.' त्यातच कुणीतरी आपल्या लेकीच्या नाचाचा व्हिडिओ टाकला, तर चार जणांनी त्यालाही हात जोडले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सुट्टी. धुणं, गॅसवाला, आणि 'सध्या'.

निखिल-पप्पूचं ठरलंय. मेळाव्यात दोन मिनिटं शांतता आणि 'कै. मिलिंद सोनवणे स्मृती चषक', दरवर्षी मेकॅनिकलच्या गुणी विद्यार्थ्याला. सुरुवात आपल्या मेळाव्यापासून. चषक पप्पूतर्फे. त्याच्या घरी कोण आहे, काय अवस्था आहे, कुणीतरी जाऊन यावं, असं मी लिहिलं. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. निखिल म्हणाला, लेट्स फोकस ऑन द पॉझिटिव्ह.

स्मरणिकेत मिलिंदला स्वतंत्र चौकट. जुन्या ओळखपत्राचा फोटो घातला. नावाआधी 'कै.' टाइप केलं. एवढंसं अक्षर, पण हात थांबला क्षणभर.

२० नोव्हेंबर, गुरुवार

हे नीट लिहून ठेवायला हवं, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी नवऱ्याबरोबर, विजयबरोबर, स्कूटरवरून मोशीला नणंदेकडे. स्पाइन रोडला तो फ्लेक्स अजून तसाच. मीच थांबवलं, म्हटलं नीट बघून येते, निदान हात जोडते. जवळ गेले.

डावीकडे, बसनं झाकलेल्या भागात, मोठा फोटो. पांढऱ्या मिशांचे एक म्हातारे, गळ्यात हार. 'आमचे मार्गदर्शक अण्णा.' उजवीकडे 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि त्याखाली बारीक अक्षरात 'शोकाकुल: शालेय वाहतूक मित्र परिवार'. मग रांगेनं छोटे फोटो, ज्यांना दुःख झालंय त्यांचे. पहिलाच मिलिंद, बाकीचे तेव्हा रिक्षाआड गेलेले.

गेलेत ते अण्णा. मिलिंद रडणाऱ्यातला आहे.

आपल्याकडे मेलेल्याच्या फ्लेक्सवर जिवंत माणसांची इतकी गर्दी असते की एखाद्या दिवशी हे व्हायचंच होतं. भर रस्त्यात हसू फुटलं. विजयला वाटलं चक्कर आली.

आणि मग राग. निखिलला काच खाली करायचा कंटाळा आला, म्हणून एक माणूस मेला. आम्ही बाकीच्यांनी तर काचही पाहिली नाही, नुसते हात जोडले. मी 'कै.' लावलं. चौकटीत बसवलं, कडेला वेलबुट्टीसुद्धा काढली. शी.

२२ नोव्हेंबर, शनिवार

फ्लेक्सवर मित्र परिवाराचा नंबर होता. त्यांनी मिलिंदचा दिला. लावला. "हॅलो, मिलिंद सोनवणे का?" तर पलीकडून, "सोनवणेच. पोरगं कोणत्या शाळेत?" म्हटलं, "मी साळुंखे." मग, "साळुंखे, घासायचं जमायला लागलं का?"

लग्नानंतर या नावानं मला कुणी हाक मारलेली नाही.

गुरुवारी भेटायचं ठरलंय. ग्रुपवर अजून काही लिहिलेलं नाही. आधी त्याला सांगते, मग बाकीच्यांची सालं काढते.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

भेटले. शाळेच्या फाटकाबाहेर पिवळ्या व्हॅनची रांग, दुसरी त्याची. शाळा सुटायला वेळ होता. पुढच्या सीटवर बसून चहा घेतला. जाडा झालाय, बरा दिसतो.

सगळं सांगितलं. ग्रुप दाखवला. तो स्वतःच्या श्रद्धांजल्या एकेक करून वाचत होता, आणि हसत होता. "हा बघ, माझ्याशी तीन वर्षांत एक शब्द बोलला न्हवता. आता म्हणतो जिवलग." मग चषकाची बातमी. मग मी केलेली चौकट. तिथे हसायचा थांबला.

"हे कै. कुणी लिहिलं?"

मी म्हटलं, मी.

"कैलासवासी," तो म्हणाला. "कैलासावर माझं काय काम गं? आमच्यात कालकथित लिहितात. माझ्या बापाच्या पत्रिकेवर तेच होतं." चिडला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं. "एका बाकावर होतो राव आपण."

त्यांच्या घरी मी जेवलेय. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्याखाली बसून, त्याच्या आईच्या हातचं. कै. लावताना हात थांबला होता, पण मिलिंद गेला म्हणून. शब्द चुकतोय हे डोक्यातही आलं नाही.

मग मी म्हटलं, आज ग्रुपवर सांगून टाकते. तर तो नको म्हणाला. कंपनी बंद पडली तेव्हा त्यानं ग्रुपवर खरं लिहिलं होतं म्हणे, प्लांट बंद झालाय, काम बघतोय, कुणाकडे असेल तर सांगा. त्याखाली एक अंगठा आला. फक्त एक. आणि लगेच निखिलच्या नव्या गाडीचा फोटो. तेव्हापासून मिलिंद गप्प, आणि मग बाहेर.

"राहू दे साळुंखे. मेलेल्याला कुणी विचारत नाही, सध्या काय करतोस."

वचन घेतलं माझ्याकडून. दिलं. निघताना सहज म्हणाला, पोरगी आपल्याच कॉलेजात आहे, प्रज्ञा, सेकंड इयर, मेकॅनिकलच. हे सांगताना मात्र चेहरा बघण्यासारखा.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पप्पूचा नवा उजेड. चषकासोबत बोर्डसुद्धा. मेकॅनिकलच्या कॉरिडॉरमध्ये, कायमचा, ग्रॅनाइटचा. नमुना टाकलाय: 'कै. मिलिंद सोनवणे स्मृती', फोटो माझ्या चौकटीतलाच, आणि खाली 'सौजन्य' म्हणून पप्पू. सौजन्याचा फोटो स्मृतीपेक्षा मोठा.

त्या कॉरिडॉरमधून प्रज्ञा रोज जाते.

वचनाला बांधलेली. म्हणून वेगळ्या वाटेनं गेले, पप्पूला फोन केला. म्हटलं, तो बौद्ध होता, कै. चालायचं नाही, कालकथित लिहावं लागेल, घरच्यांना विचारल्याशिवाय बोर्ड कोरू नका. वाटलं, घरच्यांना शोधतील आणि आपोआप उलगडा होईल.

पप्पू म्हणाला, "ते काय असतं? लोकांना कळणार नाही मॅडम. आणि मेलेल्या माणसात जात कशाला आणायची उगाच?"

जात मी आणली. कै. लावलं की जात नसते, ते लावू नका म्हटलं की असते. फोन ठेवून हात धुतले. खरंच धुतले, साबणानं.

४ डिसेंबर, गुरुवार

मिलिंदला बोर्डाचं सांगणं भाग होतं. फोनवर नको म्हणून चिखलीला त्याच्या घरी गेले. त्याच्या बायकोनं, रेखाताईंनी, दार उघडलं. मी तोंड उघडायच्या आत कळलं की घरात आधीच कळलंय.

प्रज्ञा आतल्या खोलीत. बाहेर यायला तयार नाही. काल कॉलेजात नोटीस बोर्डवर चषकाचं पोस्टर लागलं. सर वर्गात म्हणाले, सोनवणे, हे तुमच्यातले कोणी का? आणि पोरीनं वडिलांच्या तरुणपणच्या फोटोकडे बघून सांगितलं, नाही सर, नाव सेम आहे. तिथून घरी फोन. "पप्पा कुठंयत?" मिलिंद फेरीवर होता, फोन उचलत नव्हता. अर्धा तास ती पोर काय झाली असेल.

मी पोस्टरवरच्या फोटोचं, चौकटीचं, 'कै.'चं सगळं कबूल करून टाकलं. रेखाताई ऐकत राहिल्या. त्यांचं माहेर खेडकडचं. मिलिंद खाली मान घालून म्हणत होता, बघू, थोडे दिवस जाऊ दे, विसरतील.

तेव्हा त्या बोलल्या. "तुमी मरा खुशाल त्या ग्रुपात. पोरीच्या कॉलेजात न्हाई."

मिलिंद उठून व्हॅन पुसायला खाली गेला. मी निघाले तेव्हा म्हणाला, परवा ६ डिसेंबर, दादरला जाऊन येतो, मग सांगतो. वचनातून मला मोकळं केलं नाही त्यानं.

प्रज्ञा शेवटपर्यंत बाहेर आली नाही. दाराच्या फटीतून फक्त पाय दिसले. ठीकच आहे. बापाला मारणाऱ्या बाईशी काय बोलायचं तिनं?

९ डिसेंबर, मंगळवार

मिलिंदचा फोन नाही. मेळावा पाच दिवसांवर आला. मग मी ठरवलं, खरं न सांगता निखिलला हलवून बघायचं. म्हटलं, समज, तो जिवंत असला तर?

निखिल हसला. मग एकदम गंभीर. "वैशाली, आता सगळं अनाउन्स झालंय. प्रिन्सिपल येतायत. लोकांचा इमोशनल कनेक्ट झालाय. असला तरी आता ऑकवर्ड होईल."

कुणाला ऑकवर्ड, ते त्यानं सांगितलं नाही.

एवढ्यावर थांबला नाही. म्हणे, चषकामुळे मेळाव्याला येणाऱ्यांची संख्या वाढलीय. नाहीतर लोक येत नव्हते. म्हणजे मिलिंद मेला म्हणून जेवायला माणसं मिळाली. पूर्वी याच निखिलच्या शेजारी बसून डबा खाल्लाय आम्ही. चटणी याचीच आवडायची मला. आता त्या चटणीचीसुद्धा किळस आली.

विजय म्हणतो, तू कशाला जीव जाळतेस, ज्याचं मरण त्याला ठरवू दे. बरोबर आहे. पण पोरीचं काय?

१२ डिसेंबर, शुक्रवार

दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, मिलिंदचा मेसेज. आधी नुसतं, 'सदर अजून चालू आहे का?' मी लिहिलं, तुझ्यासाठी आहे. खरं तर स्मरणिका छापून झालीय, पप्पूच्या गोडाऊनमध्ये गठ्ठे पडलेत. चौकटीसकट.

मग हे आलं. जसंच्या तसं उतरवते:

'मिलिंद सोनवणे, मेकॅनिकल. सध्या शाळेची व्हॅन चालवतो. पोरं वेळेवर पोचतात. मुलगी प्रज्ञा आपल्याच कॉलेजात, आपल्याच ब्रँचला. तब्येत ठीक.'

इतक्या जणांचे 'सध्या' वाचले. एक शब्द बदलावासा वाटला नाही असा हा एकच.

खाली लिहिलं होतं, 'तू टाक. मी त्या ग्रुपात परत येणार नाही. प्रज्ञाला दाखवून मग पाठवलंय. तिनं "व्हॅन चालवतो" पुसू दिलं नाही.'

जेवण तसंच राहिलं. कॅन्टीनवाल्या मावशींनी विचारलं, भाजी खारट झालीय का. म्हटलं नाही, उलट आज चव आलीय.

१३ डिसेंबर, शनिवार

सकाळी बसमध्ये चढल्यावर टाकलं. मिलिंदच्या चार ओळी, आणि सोबत मी परवा जाऊन काढलेला अख्ख्या फ्लेक्सचा फोटो, अण्णांसकट. माझ्याकडून एकच ओळ: 'वाचा आणि मग लिहा.'

पहिलं उत्तर बस नाशिक फाट्याला पोचायच्या आतच आलं. 'आरआयपी भावा. खूप लवकर गेलास.'

दुसऱ्यानं हात जोडले. तिसऱ्यानं विचारलं, उद्या पार्किंग आहे का.

मग मंजूनं लिहिलं, 'अरे नीट वाचा, तो जिवंत आहे.' त्यावर दोन अंगठे. नंतर एकानं 'वाव, कमबॅक!' असं लिहिलं, आणि दुसऱ्यानं विचारलं की व्हॅन तळवड्याला जाते का, त्याच्या पुतण्यासाठी हवीय. निदान त्याला काम कळलं.

निखिलचा मला वेगळा मेसेज. 'हे उद्यानंतर टाकलं असतंस तर मॅच्युअर वाटलं असतं.' पप्पूचा फोन. बोर्ड कालच भिंतीत बसवलाय, सिमेंट धरलंय, उद्याच्या अनावरणासाठी वरून पडदा सोडलाय, आता काढता येणार नाही. 'कै.'वर चिकटपट्टी लावू का, असं विचारत होता. मी म्हटलं, तुझ्या तोंडावर लाव.

एवढं स्पष्ट या माणसांशी मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले. बरं वाटलं.

उद्याची रजा मंजूर झालीय. साहेबांनी कारण विचारलं. श्रद्धांजली, म्हटलं. जवळचे होते का? हो, म्हटलं, जवळच राहतात.

संध्याकाळी मिलिंदला फोन केला. आलेली उत्तरं एकेक वाचून दाखवली. 'आरआयपी'वर इतका हसला की रेखाताई फोन घेऊन विचारायला लागल्या, काय झालं यांना. पार्किंगवर तर त्याला ठसकाच लागला. शेवटी म्हटलं, बोर्ड भिंतीत बसलाय मिलिंद. पडदा टाकून ठेवलाय. निघणार नाही म्हणतात.

हसू थांबलं. मागे प्रज्ञाचा आवाज येत होता, बापाला काहीतरी सांगत होती. ते काही मला नीट ऐकू आलं नाही.

मग त्यानं विचारलं, "साळुंखे, उद्या तो पडदा कोण ओढणार आहे?"

मी म्हटलं, अजून ठरलेलं नाही.